आयपीएलचे चोवीस चेंडू आणि कसोटीची वीस षटकं

प्रश्न असा आहे: "आयपीएलचे दोन महिने हे खेळाडू एकही सामना सोडत नाहीत आणि कसोटी आली की लगेच 'वर्कलोड' आठवतो. हे सरळ पैशाचं गणित नाही का? आणि तुमच्या हाताखालचा एखादा मुलगा देश आणि लीग यांच्या पेचात सापडला, तर त्याला तुम्ही काय सांगाल?"

प्रश्नातली चीड मला समजते. मी स्वतः कसोटी क्रिकेटवर जीव टाकणारा माणूस आहे. पण गेली वीसेक वर्षं वेगवान गोलंदाजांचा ट्रेनर म्हणून काम करतोय. राज्य संघात, लीगच्या संघांत आणि दुखापतीतून परतणाऱ्या मुलांबरोबर. त्यामुळे माझं उत्तर गोलंदाजाच्या पाठीपासून सुरू होतं. पैशावरही येणार आहे, कारण तो वगळून या विषयावर बोलणं खोटेपणाचं होईल.

आधी एक हिशोब पाहा. २०२५ मध्ये जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखापतीतून एप्रिलमध्ये परतला आणि मुंबई इंडियन्सकडून त्या मोसमात १२ सामने खेळला. टी-ट्वेंटीत गोलंदाजाला फार तर चार षटकं, म्हणजे चोवीस चेंडू मिळतात. म्हणजे साधारण आठ आठवड्यांत जास्तीत जास्त ४८ षटकं. त्यानंतर २० जूनला इंग्लंडविरुद्ध लीड्सची कसोटी सुरू झाली. पहिल्या डावात त्याने २४.४ षटकं टाकली, दुसऱ्या डावात १९. एका कसोटीत ४३.४ षटकं! आठ आठवड्यांत जेवढी गोलंदाजी केली, जवळपास तेवढी पाच दिवसांत.

हा हिशोब नीट पाहिला की प्रश्नच थोडा फिरतो. आयपीएलमुळे गोलंदाज थकून कसोटीला येतो, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की गोलंदाजीच्या बाबतीत तो उपाशी येतो. त्याच्या शरीराची षटकांची सवय सुटलेली असते. रोज दोन जिने चढणाऱ्या माणसाला एका सकाळी गड चढायला लावलं, तर त्याचे पाय दोन जिन्यांमुळे दमलेले नसतात. गडासाठी तयार नसतात, इतकंच. लीग आणि कसोटी यांच्यातला ताण नेमका इथे आहे, आणि टीव्हीवर तो दिसत नाही, कारण तो सामन्यांमध्ये नसतो. दोन स्पर्धांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत असतो. गेली काही वर्षं मी खेळाडूंचे सामने मोजणं जवळजवळ सोडून दिलंय. मी मधले दिवस मोजतो.

थोडं शरीराबद्दल सांगतो. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय क्रीझमध्ये आपटतो, तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या पाच पटींहून अधिक भार येतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यात डाव्या बाजूला बारीक चीर पडते ती यामुळेच. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. हाड निर्जीव नसतं. भार हळूहळू वाढवला तर ते स्वतःला घट्ट करून घेतं, पण त्याला आठवडे लागतात. स्नायू दहा-बारा दिवसांत जागे होतात, दम त्याहून लवकर येतो. म्हणून गोलंदाजाला आतून एकदम 'फिट' वाटत असतं आणि त्याचं हाड अजून मागेच असतं. हा फसवा काळ सगळ्यात धोक्याचा. खेळाडू छातीठोकपणे सांगतो, "सर, मी तयार आहे." तो खोटं बोलत नसतो. त्याला हाडाचं कळत नाही, एवढंच.

आम्ही काय करतो, तर या आठवड्यात टाकलेले चेंडू आणि मागच्या चार आठवड्यांची सरासरी यांचा भागाकार काढतो. तो दीडच्या वर गेला की कान टवकारतो. या सूत्रावर संशोधकांनी बरीच टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मी त्यावरून कुणाला संघाबाहेर बसवत नाही, पण कुणाशी आज बोलायला हवं हे त्यावरून ठरवतो. लीगमध्ये आठवड्याला दोन सामने धरले तर सामन्यातले चेंडू ४८. नेटमधले, वॉर्मअपचे धरून फार तर सव्वाशे-दीडशे. आणि कसोटीच्या एका आठवड्यात नुसत्या सामन्यातले अडीचशेच्या वर. भागाकार तुम्हीच करून पाहा.

यात आणखी एक खोच आहे. जास्त गोलंदाजीचा फटका त्याच आठवड्यात बसतो असं नाही. ऑस्ट्रेलियात वेगवान गोलंदाजांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मोठ्या भारानंतर दुखापतीचा धोका तीन-चार आठवडे उशिराने वाढू शकतो. म्हणजे दुखापत ज्या सामन्यात झाली, तो सामना तिचं कारण असेलच असं नाही. वर्तमानपत्रात "आयपीएलमध्ये जखमी" असा मथळा येतो, तेव्हा कित्येकदा खरं कारण त्याआधीच्या दौऱ्यात असतं. उलटंही तितकंच खरं आहे.

आणि केवळ लीगवर खापर फोडणंही बरोबर नाही. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहने १५१.२ षटकं टाकून ३२ बळी घेतले. मेलबर्न कसोटीत दोन डावांत मिळून ५३.२ षटकं. मग तीन दिवसांची उसंत. मग सिडनी, पहिल्या डावात दहा षटकं आणि स्कॅनसाठी मैदानाबाहेर. दुसऱ्या डावात तो गोलंदाजी करू शकला नाही, पुढे चॅम्पियन्स ट्रॉफीही हुकली. त्या सहा आठवड्यांत कुठलीही लीग नव्हती. हे सगळं देशासाठीच चाललं होतं.

"मग सिराजचं काय?" हा पुढचा प्रश्न मला हमखास विचारला जातो. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी सामना खेचून आणला. मी तो सामना पाहताना खुर्चीत बसू शकलो नाही. पण सिराजचा दाखला देऊन बुमराहला नावं ठेवणं हा सरळ अन्याय आहे. सिराजचा रनअप लांब आहे, त्याचा वेग धावण्यातून येतो. बुमराह जवळजवळ चालत येतो आणि सगळा वेग शेवटच्या दोन पावलांत, ताठ गुडघ्यातून आणि कमरेतून काढतो. त्यात बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेली. दोन माणसं, दोन शरीरं, दोन पूर्वेतिहास. त्या दौऱ्यात तीनच कसोटी खेळायच्या हे बुमराहच्या बाबतीत आधीच ठरवलं, जाहीर केलं आणि पाळलं. मला विचाराल तर अशा गोष्टी लपवून ठेवण्यापेक्षा अशाच उघडपणे सांगायला हव्यात.

मधल्या दिवसांचं महत्त्व कळायला २०२३ ची कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत पाहावी. त्या वर्षी आयपीएलची फायनल पावसामुळे लांबली आणि ३० मे उजाडल्यावर संपली. ओव्हलवरचा सामना ७ जूनला सुरू झाला. मधे आठवडाभर, त्यात विमानप्रवास. आपला मोहम्मद शमी गुजरात टायटन्ससाठी त्या मोसमातले १७ सामने खेळून, २८ बळी घेऊन गेला होता. समोर ऑस्ट्रेलियाचे तीन वेगवान गोलंदाज होते, कमिन्स, स्टार्क आणि बोलँड. तिघांपैकी एकही त्या वर्षीची आयपीएल खेळला नव्हता. सामना २०९ धावांनी गेला तो केवळ यामुळे असं मी म्हणणार नाही. ट्रॅव्हिस हेड आणि स्टीव्ह स्मिथ यांनी २८५ धावांची भागी केली, आपण अश्विनला बाहेर ठेवलं, अशी पुष्कळ कारणं आहेत. पण पहिल्या दिवशी दुपारनंतर आपल्या गोलंदाजांचा टप्पा जसा भरकटत गेला, तसा तो तयारी कमी पडलेल्या शरीरांचा भरकटतो. तिसऱ्या स्पेलमध्ये, म्हणजे सलग षटकांच्या तिसऱ्या हप्त्यात, पाय जड होतो, पुढचा गुडघा वाकतो आणि चेंडू अर्धा हात आखूड पडतो. तो अर्धा हात म्हणजे चौकार.

फलंदाजांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं शरीर दोन्हीकडे टिकतं, सवय टिकत नाही. टी-ट्वेंटीत बाहेरचा चेंडू सोडला तर तो वाया गेला. कसोटीत तोच सोडलेला चेंडू म्हणजे कमाई. पुढचा पाय बाजूला काढून हात मोकळे करायची सवय आठ आठवडे लावली, की इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक चेंडूसमोर ती मोडायला निदान दोन आठवडे नेट हवेत, आणि तेही खऱ्या गोलंदाजांसमोर. थ्रोडाउनवर, म्हणजे प्रशिक्षकाने हाताने फेकलेल्या चेंडूंवर, ती मोडत नाही. शरीराचाही प्रश्न अगदीच नसतो असं नाही. श्रेयस अय्यरने २०२५ मध्ये पाठीच्या त्रासामुळे लाल चेंडूच्या, म्हणजे कसोटी-रणजीसारख्या अनेक दिवसांच्या क्रिकेटमधून सहा महिन्यांची विश्रांती मागितली आणि बोर्डाने ती दिली. दिवसभर क्षेत्ररक्षण करून पुन्हा दुसऱ्या दिवशी वाकायचं असतं, हे आपण विसरतो.

माझी खरी काळजी विशी-बाविशीतल्या मुलांची आहे. कमरेचं हाड पंचविशीच्या आसपास पुरतं पक्कं होतं. त्याआधी वेग आला असेल, पण हाड आलेलं नसतं. पॅट कमिन्सने २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केलं, सामन्यात सात बळी घेतले आणि पुढची कसोटी खेळला थेट २०१७ मध्ये, रांचीला. मधली पाचहून अधिक वर्षं वारंवार दुखापती आणि अधूनमधून पांढऱ्या चेंडूचं, म्हणजे वन-डे आणि टी-ट्वेंटी क्रिकेट. ऑस्ट्रेलियाने तेवढी वाट पाहिली म्हणून आज तो कमिन्स आहे. आपल्याकडे मयंक यादव २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकून रातोरात घराघरांत पोचला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्या मोसमात चारच सामने झाले आणि दुखापत झाली. पुढे पाठीच्या दुखण्याने डोकं वर काढलं, २०२५ चा मोसमही दोन सामन्यांतच संपला. त्या मुलाने काही चूक केली नाही. पण त्याच्यासारख्या मुलाचा वेग पाहून आपण त्याला "आता कसोटीत घ्या" म्हणतो, तेव्हा मला धडकी भरते. चोवीस चेंडू १५० च्या वेगाने टाकणं आणि दिवसातून अठरा-वीस षटकं १४० च्या वेगाने टाकणं यांत दोन-तीन रणजी मोसमांचं अंतर असतं. ते अंतर कापल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि लीगमध्ये ते कापता येत नाही.

आता पैसा. आपल्याकडे "देश की पैसा" असा प्रश्न विचारला जातो, तो भारतापुरता बराच सोपा आहे. बीसीसीआय सक्रिय पुरुष खेळाडूंना परदेशी लीग खेळू देत नाही. एकच लीग, तीही बोर्डाचीच, आणि २०२३ ते २०२७ च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात तिला जवळपास अडीच महिन्यांची जागा मोकळी ठेवलेली. वर बोर्डाच्या वार्षिक करारातल्या श्रेणीनुसार मिळणारं मानधन आहे. मार्च २०२४ मध्ये बोर्डाने कसोटीसाठी खास प्रोत्साहन योजना आणली. मूळ मानधन सामन्याला १५ लाख. मोसमातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोटी अंतिम अकरात खेळणाऱ्याला त्याशिवाय सामन्यामागे ४५ लाख. नऊ कसोटींचा मोसम पूर्ण खेळला तर ५ कोटी ४० लाख होतात. ऋषभ पंतला लखनऊने दिलेल्या २७ कोटींच्या शेजारी हा आकडा लहान दिसतो, पण लिलावात एवढी बोली लागणारे किती? मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी आता कसोटी हा तोट्याचा सौदा उरलेला नाही. हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं, कारण उपदेशाऐवजी पगार बदलला.

वेस्ट इंडीजच्या किंवा न्यूझीलंडच्या खेळाडूपुढे असं ताट वाढलेलं नाही. त्याच्यापुढे डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, दक्षिण आफ्रिका आणि अमिराती, मग पाकिस्तान आणि आयपीएल, मग अमेरिका, इंग्लंड आणि कॅरिबियन, अशी लीगची वर्षभराची रांग आहे. त्याच्या बोर्डाचं वार्षिक मानधन यांतल्या एखाद्या चांगल्या लीगच्या महिन्याभराच्या कमाईपुढे फिकं पडू शकतं. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टने ऑगस्ट २०२२ मध्ये मध्यवर्ती करारातून, म्हणजे बोर्डाच्या वार्षिक करारातून मोकळं करण्याची विनंती केली, तेव्हा तो तेहेतिसाव्या वर्षी होता आणि घरी लहान मुलं होती. न्यूझीलंडने त्याला मोकळं केलं, दार मात्र बंद केलं नाही. २०२३ चा विश्वचषक तो खेळला. केन विल्यमसननेही २०२४ मध्ये करार नाकारला आणि तरी देशासाठी खेळत राहिला. लहान बोर्डाने खेळाडूशी कसं वागावं याचा हा चांगला धडा आहे. निकोलस पूरन मात्र जून २०२५ मध्ये, २९ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून गेला. टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेस्ट इंडीजच्या सर्वाधिक धावा तेव्हा त्याच्या नावावर होत्या. मला वाईट वाटलं, पण त्याला मी लोभी म्हणणार नाही. गोलंदाज असो वा फलंदाज, या मुलांची कमाईची वर्षं दहा-बारा. पस्तिशीनंतरच्या आयुष्याचा खर्च त्याच वर्षांत बाजूला पडायचा असतो.

बोर्डंही या ओढाताणीत सापडली आहेत. दक्षिण आफ्रिकेने आपली एसए-ट्वेंटी लीग उभी राहावी म्हणून जानेवारी २०२३ मधली ऑस्ट्रेलियातली तीन वन-डेंची मालिका सोडून दिली आणि विश्वचषक पात्रतेचे गुणही गमावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूझीलंडला कसोटी संघ पाठवला, तो लीगमधले प्रमुख खेळाडू वगळून. कर्णधार नील ब्रँडची ती पहिलीच कसोटी! न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेला कसोटी मालिकेत हरवलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्यावर मीही तेव्हा खूप बोललो होतो. पण त्या लीगच्या पैशावाचून त्यांचं देशांतर्गत क्रिकेट चालणं कठीण होतं, आणि जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर त्याच देशाने कसोटी अजिंक्यपद जिंकलं. त्यामुळे आता मी त्या निर्णयाकडे पूर्वीइतक्या रागाने पाहत नाही. दौरा वाया गेला हे मात्र खरंच.

करारांकडे वळतो, कारण खेळाडू यात सगळ्यात जास्त फसतात. परदेशी लीग खेळायला स्वतःच्या बोर्डाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. निवृत्त झाल्यावरही दोन वर्षं लागतं. त्यामुळे करार सोडला म्हणजे सुटलो, असं नसतं. आयपीएलचा नियमही आता कडक आहे. लिलावात नाव नोंदवून, विकलं गेल्यावर दुखापतीशिवाय माघार घेतली तर दोन मोसमांची बंदी. २०२५ मध्ये हॅरी ब्रुकने इंग्लंडच्या तयारीसाठी नाव मागे घेतलं आणि त्याच्यावर ती लागू झाली. मला त्याचा निर्णय पटतो आणि नियमही पटतो. तयारी हवी होती तर नाव नोंदवायच्या आधी ठरवायला हवं होतं. संघ उभा करणाऱ्यांचाही काही हिशोब असतो.

उलट हारिस रौफचं प्रकरण पाहा. २०२३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कसोटी खेळायला त्याने नकार दिला म्हणून पाकिस्तान बोर्डाने त्याचा मध्यवर्ती करार रद्द केला, ना हरकत प्रमाणपत्रंही अडवली. पुढच्या महिन्यात करार परत दिला. त्याच्या नावावर तोवर एकच कसोटी होती. टी-ट्वेंटीवर घडलेल्या शरीराला थेट ऑस्ट्रेलियातल्या कसोटीत उतरवणं हे ट्रेनर म्हणून मला कधीच मान्य झालं नसतं. नकार देशाला होता की आठवड्याभराच्या तयारीला, याचा विचार शिक्षा करण्यापूर्वी व्हायला हवा होता.

आणि ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते एक. लीगच्या करारात खेळाडूने कायम तीन गोष्टी पाहाव्यात असं मी सांगतो. दुखापत झाली तर उरलेलं मानधन मिळणार का? उपचार कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली होणार? आणि रोजचे गोलंदाजीचे आकडे राष्ट्रीय संघाच्या फिजिओला जाणार का? तिसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसतो. एका लीगमध्ये मी स्वतः पाहिलंय, दोन संघांच्या फिजिओंमध्ये तीन आठवडे एक फोनही झाला नव्हता. मुलगा तिथल्या नेटमध्ये रोज यॉर्करचा सराव करत होता, पूर्ण वेगाने, आणि इकडे बोर्डाकडे त्याच्या नावापुढे "आठवड्याला आठ षटकं" एवढंच लिहिलेलं होतं. तो परतल्यावर आम्ही चुकीच्या आकड्यावरून कार्यक्रम आखला. त्याच्या पोटरीने तो हिशोब चुकता केला. ती चूक आमची होती, त्याची नव्हे.

महिला क्रिकेटपटूंचं चित्र थोडं निराळं आहे. त्यांना बोर्ड परदेशी लीग खेळू देतं. त्यांच्या कसोटी इतक्या कमी होतात की चोवीस चेंडूंवरून वीस षटकांवरची उडी वर्षातून एखाद वेळी येते, पण येते तेव्हा अगदी कोरड्या पायाने मारावी लागते. त्यांच्या गोलंदाजांसाठी लाल चेंडूचं देशांतर्गत क्रिकेट वाढवणं मला आज सगळ्यात निकडीचं वाटतं.

जागतिक पातळीवर उपाय नाही असं नाही. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०२५ मध्ये असं सुचवलं की वर्षात एकवीस-एकवीस दिवसांचे चार कालखंड फक्त आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी राखून ठेवावेत. मला त्या एकवीस दिवसांच्याही आधीचे दिवस हवेत. राखीव कालखंडाच्या आदल्या रात्री लीगची फायनल संपणार असेल, तर तो कालखंड कागदावरच राहील. कसोटीपूर्वी गोलंदाजाला तीन आठवडे मोकळे द्या, बाकी वेळापत्रक कसंही करा, हे मी भेटेल त्या प्रशासकाला सांगत आलो आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: हाताखालच्या मुलाला काय सांगतो? ठरीव सल्ला माझ्याकडे नाही. त्याच्याबरोबर वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसतो. आधी सामने लिहीत नाही. आधी चार-पाच आठवड्यांचे दोन तुकडे आखतो, ज्यांत तो षटकं हळूहळू वाढवणार. मग वर्षातून एक सलग तुकडा, ज्यात चेंडूला हातच लावायचा नाही. हे तीन तुकडे पक्के झाले की उरलेल्या जागेत देश आणि लीग बसवतो. जे बसत नाही ते सोडायचं, आणि ते लिलावात नाव देण्याच्या आधी. लीग चालू असताना आठवड्यातून एक दिवस लाल चेंडूने लांब स्पेल टाकायचा, सहा षटकं, मग आठ, मग दहा. २०२३ च्या आयपीएलमध्ये काही भारतीय गोलंदाज ड्यूक चेंडू सोबत ठेवून सराव करत होते, ते योग्यच होतं. फ्रँचायझीचे प्रशिक्षक सुरुवातीला कुरकुरतात. आकडे दाखवले की बहुतेक जण ऐकतात, कारण मे महिन्यात पाय जड न होणारा गोलंदाज त्यांनाही हवाच असतो.

मिचेल स्टार्कचं उदाहरण मी मुलांना देतो, पण जपून देतो. २०१५ नंतर आठ मोसम तो आयपीएल खेळला नाही, ऑस्ट्रेलियाला वेळ दिला. २०२४ साठी परतला तेव्हा कोलकात्याने त्याला २४ कोटी ७५ लाखांना घेतलं आणि फायनलचा सामनावीर तोच ठरला. जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला शंभराव्या कसोटीत त्याने ९ धावांत ६ बळी घेतले. दोन महिन्यांनी कसोटीसाठी टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. ऐकायला सुंदर आहे. पण स्टार्कच्या मागे श्रीमंत बोर्ड होतं आणि थांबण्याइतकी मिळकत होती. ज्याच्या घरी कर्ज आहे त्या मुलाला "स्टार्कसारखा थांब" म्हणणं सोपं असतं, सांगणाऱ्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. तेवीस वर्षांचा, पाठीत एकदा चीर पडून भरून आलेली. हातात दोन परदेशी लीगचे करार, आणि देशाच्या संघाच्या दौऱ्यासाठी राखीव यादीत नाव. त्याचा देश त्याला लीग खेळू देणारा होता. वडील म्हणाले, "सर, तुम्ही म्हणाल ते." मी म्हटलं, मी पाठीबद्दल सांगेन, घराबद्दल तुम्ही सांगा. दोन तास बसलो. शेवटी त्याने एक लीग ठेवली, तीही जास्त पैशाची. दुसरी सोडली आणि ते पाच आठवडे गोलंदाजी वाढवायला दिले. त्या दौऱ्यावर त्याला सामना मिळाला नाही. वडिलांचा फोन आला, आवाजात नाराजी होती आणि ती रास्त होती. सोडलेल्या पैशाच्या बदल्यात त्या वर्षी काहीच हाती लागलं नव्हतं. तो मुलगा अजून देशाच्या कसोटी संघाबाहेरच आहे. पाठ मात्र दोन वर्षं शांत आहे, आणि दर रविवारी रात्री त्या आठवड्यात टाकलेल्या चेंडूंचा आकडा तो मला पाठवतो. गेल्या रविवारचा होता २१२, त्यातले १४० लाल चेंडूचे.